प्रॉडक्ट मॅनेजरचें काम आपल्या प्रकृतीस मानवेल काय?

गेल्या मे महिन्यांत, शाळेस सुटी असतांना, एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन माझ्या घरीं आले. गृहस्थ एस. टी. च्या आगारांत मेकॅनिक आहेत. मुलगा आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी असून नुकताच संगणकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला. मुलाच्या हातांत एक रंगीत, गुळगुळीत पत्रक होतें. प्रॉडक्ट मॅनेजर तयार करणाऱ्या सहा महिन्यांच्या एका वर्गाची ती जाहिरात होती, आणि फीचा आंकडा दीड लाखाच्या वर होता. वडील खुर्चीवर टेकतां टेकतांच म्हणाले, "सर, पतपेढी कर्ज द्यायला तयार आहे. जामीनही मिळालाय. सही करूं कीं नको, एवढंच तुमच्या तोंडून ऐकायला आलोंय."

मी आज वीस वर्षें मराठी व इतिहास शिकवीत आलों आहें. डॉक्टर, वकील, शिक्षक, परिचारिका यांचे धंदे माणसापासून काय मागतात हें मला थोडेंफार सांगतां येतें. हा धंदा मात्र मला केवळ ऐकून ठाऊक होता. अशा वेळीं शिक्षकानें आपलें अज्ञान झांकून सल्ला देऊं नये, हें मी एका जुन्या चुकीवरून शिकलों आहें. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका हुशार मुलीस "सरकारी नोकरीच बरी" असें मीं ठासून सांगितलें, आणि तिचीं चार वर्षें स्पर्धापरीक्षांत गेलीं. म्हणून त्या गृहस्थांस मीं "आठ दिवस सही करूं नका" एवढेंच सांगितलें. त्या आठ दिवसांत मीं या विषयावर मिळेल तें वाचिलें, आणि आमच्या शाळेंतून गेलेल्या व हेंच काम केलेल्या तिघांशीं बोललों. त्यांत ती मुलगीही होती. तिनें मला दोष दिला नाहीं. उलट दोन तास बसून सर्व समजावून सांगितलें. जें समजलें तें इतर विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें मांडितों.

आधीं नांवाचा घोटाळा दूर करूं. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे कारखान्यांत माल काढणाऱ्या खात्याचा वरिष्ठ, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. तो अधिकारी निराळा. त्यास प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतात. प्रोजेक्ट मॅनेजर हाही निराळा. ठरलेलें काम ठरल्या वेळीं व ठरल्या खर्चांत पुरें करून घेणें हें त्याचें कर्तव्य. प्रॉडक्ट मॅनेजरच्या गळ्यांत याच्या आधींचा प्रश्न असतो: मुळांत काय करावयाचें, कोणासाठीं, आणि कां? एक वस्तु, मग ती साबणाची वडी असो, खोकल्याचें औषध असो किंवा मोबाइलवरील ॲप असो, त्याच्या नांवावर लिहिलेली असते. तिच्यांत काय असावें, काय नसावें, आधीं काय व्हावें, मागाहून काय, आणि ती हातीं आल्यावर लोक ती वापरतात कीं नाहीं, याचा जाब त्यास द्यावा लागतो. वस्तु मात्र तो स्वतः करीत नाहीं. प्रोग्राम लिहिणारे निराळे, तिचें रूप योजणारे निराळे, विकणारे निराळे. आणि बहुतेक ठिकाणीं यांपैकीं कोणीही त्याच्या हाताखालीं नसतो. आपल्याकडे कारभारी हा शब्द आहे, व तो येथें वापरण्याचा मला मोह होतो. परंतु पेशवाईंतल्या कारभाऱ्याच्या हातीं शिक्का असे. याच्या हातीं शिक्का नाहीं. या कामाचें सारें सुखदुःख या एका गोष्टींत आहे, असें तिघांनींही मला निरनिराळ्या शब्दांनीं सांगितलें.

या पदाचा उगम साबणांत आहे, हें वाचून मुलांस गंमत वाटेल. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरांत प्रॉक्टर अँड गँबल ही प्रसिद्ध कंपनी आहे. तेथें नील मॅकएलरॉय नांवाचा २६ वर्षांचा तरुण कॅमे नांवाच्या साबणाच्या जाहिरातींचें काम पाहात असे. त्याच कंपनीचा आयव्हरी हा साबण १८७९ पासून बाजारांत मुरलेला होता. कंपनीचें लक्ष व पैसा तिकडेच वाहात असे, आणि धाकट्या भावंडाप्रमाणें कॅमे मागें राही. १३ मे १९३१ रोजीं मॅकएलरॉय यानें वरिष्ठांस तीन पानांचें एक टिपण लिहून दिलें. वास्तविक तें आणखी माणसें नेमण्यासाठीं केलेलें मागणीपत्र होतें. परंतु त्यांत त्यानें असें सुचविलें कीं, प्रत्येक साबणामागें त्याचा म्हणून एक माणूस असावा. कोणत्या प्रांतांत तो खपतो व कोणत्या प्रांतांत खपत नाहीं हें त्यानें पाहावें. जेथें खपत नाहीं तेथें स्वतः जावें, दुकानदारांशीं बोलावें, कारण शोधावें, उपाय लिहून काढावा आणि त्याचा परिणाम पुन्हां तपासावा. आज ज्यास प्रॉडक्ट मॅनेजमेंट म्हणतात त्याचा गाभा या टिपणांत आहे. मॅकएलरॉय पुढें १९४८ सालीं त्या कंपनीचा अध्यक्ष झाला, व १९५७ ते १९५९ पर्यंत अमेरिकेचा संरक्षणमंत्री होता. टिपण लिहितां येणें ही किती कामाची विद्या आहे हें माझ्या निबंधाच्या तासाला जांभया देणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

ही सर्व परदेशी कल्पना आहे असें ज्यास वाटेल त्यानें किर्लोस्करांचा नांगर आठवावा. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून बेळगांवास गेले, तेथें त्यांनीं सायकलींचें दुकान घातलें, आणि पुढें कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर तयार केला. हा नांगर १९०३ च्या सुमाराचा. नांगर चांगला होता; परंतु पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमिनीस विष चढतें, असें शेतकऱ्यांस वाटे. आपण आज त्या समजुतीस हंसतों; मी हंसत नाहीं. लांकडी नांगर गांवचा सुतार करून देई, मोडला तर तोच नीट करी, आणि त्याचें मोल सुगीच्या वेळीं धान्यानें फिटे. लोखंडी नांगरास रोख पैसा मोजावा लागे, आणि मोडला तर कोणाच्या दारीं जावयाचें? शेतकरी जें बोलत होता तें विषाविषयीं; त्याच्या मनांत काय होतें तें त्याहून निराळें असूं शकेल. लोक जें तोंडानें सांगतात त्याच्या मागें काय आहे तें ओळखणें, हें या धंद्यांतील पहिलें कसब. किर्लोस्करांनीं धीर सोडला नाहीं, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

साबणाची वडी सांच्यांतून एकदां निघाली कीं ती बदलत नाहीं. नांगरही एकदां विकला म्हणजे शेतकऱ्याच्या गोठ्यांत जातो. परंतु मोबाइलवरील ॲप विकल्यावरही बदलतां येतो. आज सकाळीं एक, उद्यां सकाळीं दुसरा. २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील स्नोबर्ड या ठिकाणीं सतरा प्रोग्रामरांनीं एकत्र जमून एक छोटेंसें जाहीरपत्र काढिलें. त्याचें सार असें कीं, वर्षानुवर्षें मोठा आराखडा आंखीत बसण्यापेक्षां थोडें करावें, तें लोकांच्या हातीं द्यावें, आणि पाहून सुधारावें. ही पद्धति जगभर पसरली. मग दर आठवड्यास "आतां पुढें काय?" हा प्रश्न उभा राहूं लागला, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं कोणीतरी ठेवणें भाग पडलें. साबणाच्या कंपनीचें हें पद सॉफ्टवेअरमध्यें अशा रीतीनें फोंफावलें.

या कामाचें फळ कसें दिसतें हें पाहावयाचें असेल तर भाजीवाल्या मावशींच्या गाडीवरील ती बोलणारी डबी पाहा. यू. पी. आय. ही पैसे पाठविण्याची व्यवस्था आपल्या देशांत २०१६ सालीं सुरू झाली. पैसे क्षणांत पोंचूं लागले. परंतु पोंचले कीं नाहीं हें मावशींना कसें कळावें? हात मातीचे, समोर चार गिऱ्हाइकें, मोबाइल पिशवींत, आणि त्यांत पैसे भरल्याचें खोटें चित्र दाखवून भाजी घेऊन जाणारेही निघाले. बँकेच्या बाजूनें पाहिलें तर व्यवस्थेंत कांहींच उणें नव्हतें. संदेश वेळेवर जात होता. उणीव होती ती वाचावयास सवड नसण्याची. ती कोणीतरी गाडीपाशीं उभें राहून पाहिली, आणि मराठींतून रक्कम मोठ्यानें सांगणारी डबी आली. त्या डबींत मोठें शास्त्र कांहीं नाहीं. पाहणाऱ्याची नजर मात्र आहे.

आतां आमच्या त्या माजी विद्यार्थिनीची हकीगत. ती पुण्यांत एका कंपनींत आहे. रुग्णालयांत आगाऊ नांव नोंदविण्याचा ॲप तिच्याकडे आहे. साठीच्या पुढचे रुग्ण नोंदणी अर्ध्यावर सोडून देतात, असें आंकड्यांवरून तिच्या ध्यानांत आलें. प्रोग्रामर म्हणाले, "ॲप बरोबर चालतो, म्हाताऱ्यांना जमत नाहीं." ती दोन दिवस एका रुग्णालयाच्या दालनांत जाऊन बसली. तेव्हां तिला दिसलें कीं जन्मतारखेच्या जागीं दिनदर्शिका उघडते, आणि ती चालू महिन्यापासून मागें मागें सरकवीत १९५० च्या आसपास न्यावी लागते. थरथरणाऱ्या बोटांनीं पाऊणशें वर्षें कोण सरकवीत बसणार? दिनदर्शिका काढून तेथें तारीख, महिना, वर्ष असे तीन चौकोन ठेवावयाचे. प्रोग्रामराचें काम अर्ध्या दिवसाचें. परंतु तें व्हावयास पांच आठवडे लागले. कोणाच्या हातांत दुसरें काम होतें, कोणास दिनदर्शिका सुंदर वाटे, विक्रीखात्यास आधीं दुसरेंच कांहीं हवें होतें. "अर्धा दिवस काम आणि पांच आठवडे मनधरणी," ती हंसून म्हणाली. "सर, तुमच्या मुलांना सांगा, माझा पगार त्या पांच आठवड्यांचा आहे."

हें काम आपणांस मानवेल कीं नाहीं याची परीक्षा या हकीगतींतच आहे. दोन दिवस अनोळखी म्हाताऱ्यांच्या शेजारीं बसून राहणें तुम्हांला कंटाळवाणें वाटलें असतें काय? ज्यास वाटलें असतें त्यानें या वाटेस जाऊं नये, मग त्याचे गुण कितीही असोत. आमच्याच शाळेंतलें एक उदाहरण देतों. दोन वर्षांपूर्वीं ग्रंथालयांतून पांचवी-सहावीचीं मुलें पुस्तकें नेईनाशीं झालीं. मोबाइलमुळें वाचन बुडालें, असा निर्णय शिक्षकांच्या खोलींत होऊन गेला. त्यांत मीही होतों. नववींतली एक मुलगी मधल्या सुटींत चार दिवस दारापाशीं उभी राहिली आणि तिनें येऊन सांगितलें कीं, नोंदवहींत पुस्तकाचें नांव, लेखकाचें नांव व दाखल अंक मुलानें स्वतः लिहावा असा नियम आहे. लहान मुलांस लिहावयास वेळ लागतो, मागचीं मोठीं मुलें ढकलतात, म्हणून तीं रांगेंतूनच निघून जातात. लहानांसाठीं निराळा वार ठेविला, आणि पुस्तकें जाऊं लागलीं. त्या मुलीस प्रॉडक्ट मॅनेजर हा शब्दही ठाऊक नाहीं. पण हें काम तिला आवडेल, असें मी पैज मारून सांगेन. उलट त्याच वर्गांतला एक मुलगा संगणकांत फार पुढें आहे. त्यानें शाळेच्या वेळापत्रकाचा सुरेख ॲप केला, आणि तो कोणीच वापरीना तेव्हां "लोकांस कदर नाहीं" असें म्हणून स्वस्थ बसला. तो उत्तम प्रोग्रामर होईल. त्यांत उणेपणा मुळींच नाहीं.

हें शेवटचें वाक्य मीं उगाच लिहिलेलें नाहीं. मी ज्या तिघांशीं बोललों त्यांतला एक जण दोन वर्षें प्रॉडक्ट मॅनेजर राहून आपणहून पुन्हां प्रोग्राम लिहावयास परतला. त्याचें म्हणणें असें: "संध्याकाळीं घरीं जातांना आज आपण काय केलं तें मला दाखवतां येईना. दिवसभर बोललों, लिहिलं, समजूत घातली. हातानं केलेली वस्तु एकही नाहीं." ज्यास आपल्या हातची वस्तु पाहिल्याशिवाय अन्न गोड लागत नाहीं, त्यास हें पद बढती वाटलें तरी शिक्षा ठरतें. शिवाय वस्तु यशस्वी झाली तर टाळ्या करणारांस मिळतात, फसली तर "ठरविलें कोणी?" असा प्रश्न येतो.

दुसरी गोष्ट नकाराची. दहा जणांच्या दहा मागण्या असतात, आणि एका वेळीं एक किंवा दोन पुऱ्या होतात. उरलेल्या आठांस नाहीं म्हणावें लागतें, तेंही अशा रीतीनें कीं उद्यां तीच माणसें आपल्याबरोबर काम करतील. यास भांडखोर मनुष्य चालत नाहीं, आणि कोणाचें मन मोडवत नाहीं असा भिडस्तही चालत नाहीं. घरांतली वडील बहीण, जिनें धाकट्या तिघांची समजूत काढून एकच सायकल तिघांत चालविली आहे, ती येथें उजवी ठरेल.

तिसरी गोष्ट लेखनाची व हिशेबाची. शिक्का हातीं नसल्यामुळें या माणसाचें शस्त्र म्हणजे स्वच्छ लिहिलेलें एक पान. गणित फार वरचें लागत नाहीं, पण शेंकडेवारी बोटांवर असावी लागते. समजा, १,००० माणसांनीं ॲप उघडला, ४०० जणांनीं माहिती भरली आणि ६० जणांनीं पैसे भरले. गळती कोठें आहे? पुष्कळ मुलें "६०० पहिल्याच पायरीवर गेले" असें चटकन सांगतात. पण पहिल्या पायरीवर शंभरांतले ४० टिकले, दुसऱ्या पायरीवर शंभरांतले १५ च. शिवाय दुसऱ्या पायरीवर गेलेल्यांनीं माहिती भरण्याचे कष्ट घेतले होते. म्हणजे त्यांस वस्तु हवी होती. मग त्यांनीं पाठ कां फिरविली? असल्या कोड्यावर ज्याचें मन रमतें त्यास रोज नवें कोडें मिळेल.

आणि आंकडे बरोबर असूनही मनुष्य फसतो. टाटांच्या नॅनो मोटारीची गोष्ट पालकांस आठवत असेल. स्कूटरवर चौघांचें कुटुंब पावसांतून जातांना पाहून रतन टाटांच्या मनांत ती कल्पना आली. पुण्याच्या टाटा मोटर्समधील इंजिनियरांनीं तीवर वर्षानुवर्षें खपून ती उतरविली. १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लींत ती जगापुढें आली, आणि किंमत ठरल्याप्रमाणें एक लाख. इंजिनियरांचें तें मोठेंच यश होतें. पण कारखाना बंगालमधील सिंगूरहून गुजराथेंत साणंदला हलवावा लागला, कांहीं गाड्यांनीं पेट घेतल्याच्या बातम्या आल्या, आणि याहूनही वाईट म्हणजे "सर्वांत स्वस्त मोटार" हें बिरुद तिला चिकटलें. तें नडलें असें रतन टाटांनीं स्वतः पुढें बोलून दाखविलें. मोटार घेणारा कुटुंबासाठीं छप्पर घेतो तसा चार लोकांत मानही घेतो. "सर्वांत स्वस्त" असें कपाळीं लिहिलेली गाडी दारांत कोणास हवी? २०१८ नंतर ती कारखान्यांतून निघाली नाहीं. हेतु उदात्त, कारागिरी उत्तम, हिशेब चोख, आणि तरीही असें होतें. ज्यास अपयश मनाला फार लावून घेण्याची खोड आहे त्यानें याचा विचार करावा.

पालकांनीं एक गोष्ट अवश्य विचारांत घ्यावी, कारण ती मुलें विचारणार नाहींत. या धंद्यांत मनुष्यास फसविण्याचीही विद्या आहे. रद्द करण्याचें बटण लपवून ठेवणें, न मागितलेली वस्तु टोपलींत घालणें, "दोनच उरल्या" अशी खोटी घाई करणें, असले प्रकार आपण सर्वांनीं भोगिले आहेत. भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२३ च्या नोव्हेंबरांत नियम काढून अशा तेरा प्रकारांस मनाई केली. हे प्रकार आपोआप होत नाहींत. कोणीतरी प्रॉडक्ट मॅनेजर ते करावयास सांगतो, बहुधा त्यालाही वरून कोणीतरी महिन्याचा आंकडा वाढव म्हणून सांगितलेलें असतें. औषधांच्या धंद्यांतही हेंच. तेथें डॉक्टरांस भेटी देण्याची चाल इतकी वाढली कीं २०२४ सालीं सरकारास औषधविक्रीची नवी आचारसंहिता काढावी लागली. महिनाअखेरीस असा हुकूम आला असतां तोंडावर "हें मी करणार नाहीं" म्हणण्याचें बळ आपल्या मुलांत आहे काय, हें आईबापांवांचून कोणास कळणार? आणि घरावर कर्जाचा हप्ता असला म्हणजे तें बळ निम्मे होतें, हेंही त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

औषधांचा विषय निघालाच आहे तर सांगतों. आपल्याकडे औषधांच्या कंपन्यांत हें पद जुनें आहे. बी. फार्म. होऊन मनुष्य आधीं वैद्यकीय प्रतिनिधि म्हणून बॅग घेऊन गांवोगांव डॉक्टरांच्या दारांत थांबतो. कांहीं वर्षांनीं मुख्य कचेरींत येतो. मग त्याच्याकडे एखाद्या औषधाचा कारभार येतो. तिघांपैकीं दुसरा विद्यार्थी असाच वर चढला. त्यानें विदर्भांत चार उन्हाळे काढिले. "ते चार उन्हाळे नसते तर मुंबईंत बसून मी डॉक्टरांविषयीं कादंबरी लिहिली असती," असें तो म्हणतो.

यावरून शिक्षणाचा प्रश्न बराचसा सुटतो. डॉक्टरास, वकिलास किंवा हिशेबतपासनीसास जशी सनद लागते तशी या कामास कोठेंही लागत नाहीं. ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ बनविणारी सर्वमान्य परीक्षा नाहीं. कांहीं प्रशस्तिपत्रकें दोन दिवसांच्या वर्गानेंही मिळतात. त्यांचा उपयोग आधींच या कामांत असणाऱ्यास थोडाफार होतो. मोठ्या कंपन्या मुलें घेतात तीं बहुधा इंजिनियरिंगच्या किंवा व्यवस्थापनाच्या नामांकित संस्थांतून. कलकत्ता व अहमदाबाद येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट या संस्था १९६१ च्या, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. तेथें प्रवेशपरीक्षाच इतकी कठीण कीं ती उतरणें हीच शिफारस ठरते. गूगलनें २००२ सालीं मॅरिसा मेयर यांच्या पुढाकारानें नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांस थेट या कामांत घेऊन तयार करण्याची योजना काढिली, आणि इतर कंपन्यांनींही तिचें अनुकरण केलें. पण तें दार फार अरुंद आहे. बाकी सारे आडवाटेनें आलेले: कोणी प्रोग्रामर, कोणी चांचणी घेणारा, कोणी रूपकार, कोणी ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घेणारा. आधीं एक कसब, मग हें.

म्हणून महागड्या वर्गाचें पत्रक हातीं आलें तर पैसे भरण्यापूर्वीं त्याच वर्गांतून गेल्या वर्षीं बाहेर पडलेल्या, ज्यास पूर्वीं नोकरीचा अनुभव नव्हता अशा, चार जणांचे पत्ते मागावे आणि त्यांस स्वतः भेटावें. वर्गवाल्यांनीं निवडून दिलेले नकोत, आपण शोधिलेले. नोकरीची हमी छापलेली असेल तर कोणत्या पदाची, किती पगाराची, आणि ती न मिळाल्यास फी परत केव्हां, तें लेखी घ्यावें. फी हप्त्यांनीं असेल तर तें कर्ज कोणत्या संस्थेचें व कोणाच्या नांवानें, हेंही बारीक अक्षरांत वाचावें. वर्ग सर्वच वाईट असतात असें माझें म्हणणें नाहीं. चार-पांच वर्षें काम केलेल्या माणसास तेथें शिस्त व ओळखी मिळतात. परंतु बावीस वर्षांच्या, ज्यानें कोणाचीही वस्तु अद्याप चालविलेली नाहीं अशा मुलास तेथें बहुधा शब्दच मिळतात. शब्द पुस्तकांतूनही मिळतात, आणि पुस्तकें स्वस्त आहेत.

यंत्रें आतां प्रोग्रामही लिहूं लागलीं, मग हें काम तरी राहील काय, असें एका पालकांनीं विचारिलें. मला वाटतें, करणें जितकें सोपें होईल तितका काय करावें हा प्रश्न वाढेल. पण तो विचारणारीं माणसें आजच्याइतकीं लागतील असें नाहीं. २०२२ च्या नोव्हेंबरांत मेटा या एकाच कंपनीनें सुमारें ११,००० माणसें कमी केलीं. अशा वेळीं ज्यास दुसरें एक कसब येतें तो लवकर सांवरतो.

आठ दिवसांनीं वडील व मुलगा पुन्हां आले. मीं मुलास एकच काम सांगितलें: "तूं तुझ्या वडिलांच्या आगारांत जा. आरक्षणाच्या खिडकीशीं तीन दिवस उभा राहा. मोबाइलवर तिकिट निघत असतांना लोक रांगेंत कां उभे राहतात तें मला लिहून आण." खरें सांगावयाचें तर तो परत येणार नाहीं असें मला वाटलें होतें. तो सहाव्या दिवशीं नऊ पानें घेऊन आला. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. पण त्यांत एका आजीबाईंचें म्हणणें होतें कीं खिडकीवरचा माणूस "खिडकीकडची जागा देऊं का?" असें विचारतो, मोबाइल विचारीत नाहीं, आणि मोबाइल तसें विचारतो, फक्त तें कोठें विचारतो तें आजींना दिसत नाहीं, असें त्यानें खालीं लिहिलें होतें. वडिलांनीं तीं पानें दोनदां वाचिलीं.

कर्ज घेतलें नाहीं. मुलगा हिंजवडीच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनींत ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याच्या कामावर लागला आहे; पगार पत्रकांत छापलेल्या आंकड्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. मीं त्याचें भलें केलें कीं आणखी एकाचीं चार वर्षें घालविलीं, हें मला अद्याप सांगतां येत नाहीं. दिवाळींत तो भेटावयास आला तेव्हां त्याच्याजवळ एक वही होती. तींत रोजच्या तक्रारी लिहिलेल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढें त्यानें दुसऱ्या शाईनें "खरें कारण?" असा मथळा घालून जागा सोडिली होती. निम्म्याहून अधिक जागा अजून कोऱ्या होत्या.